शुगरची गोळी फक्त शुगरच उतरवते का?

तुमचा नेहमीचा प्रश्न: "बाबांची शुगर नॉर्मल आली, आता गोळी बंद केली तर?" उत्तराआधी जरा पेशीच्या आत डोकावू.

रक्तात साखर फार झाली की पेशीतल्या भट्टीवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर, लोड येतो. चुलीत सरपण कोंबलं की धूर होतो ना, तसे इथे सुपरऑक्साइडसारखे आगाऊ रेणू सुटतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि तिथे बारीक सूज टिकून राहते. ही सूज ना दिसते ना दुखते. सीआरपी टेस्टवरून थोडाफार अंदाज येतो, इतकंच.

आता मेटफॉर्मिन. १९५७ साली फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी मधुमेहावर तिचा उपयोग दाखवला. ती या भट्टीचा वेग किंचित कमी करते. पेशीला वाटतं, इंधन संपत आलंय; मग एएमपीके नावाचं बटण दाबलं जातं आणि सूज वाढवणारे निरोप मंदावतात. अर्थात, यातलं बरंचसं प्रयोगशाळेत दिसलेलं. माणसात साखर उतरल्याचा फायदा किती आणि गोळीचा थेट किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

सेमाग्लुटाइडची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग. २०२३ च्या 'सिलेक्ट' चाचणीत १७ हजारांवर माणसं होती. वजन जास्त, हृदयविकार आधीच, पण मधुमेह नाही! तरी हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २० टक्के कमी झाले. सीआरपीही उतरला. म्हणजे सगळा हिशोब साखरेचा नव्हता.

मग थेट अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्यायच्या का? २००० सालच्या 'होप' चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई दिलं. हृदयाला काडीचा फायदा नाही. धूर पुसत बसण्यापेक्षा सरपण कमी केलेलं बरं, असं माझं मत.

तर बाबांचं काय? रिपोर्ट नॉर्मल आलाय तो बहुधा गोळी चालू असताना. वजन उतरलं, खाणं सुधारलं तर डोस कमी होतोही, पण ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या व्हिजिटला सोबत जा. एचबीए१सी आणि किडनीचा रिपोर्ट न्या आणि सरळ विचारा, "यांच्या हृदयाला आणि किडनीला जपणारं औषध यात कोणतं?"