लांडगा की कुत्रा? पुण्याजवळच्या माळरानावरचा हा पिवळसर प्राणी नेमका कोण?

पुण्याजवळच्या माळरानावर वन्यजीव अभ्यासकांना काही वेगळेच लांडगे दिसले. अंगकाठी लांडग्याची, पण रंग मात्र पिवळसर. मग ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’, ‘एट्री’ आणि ‘एनसीबीएस’ या संस्थांच्या अभ्यासकांनी केसांच्या नमुन्यांवरून डीएनए तपासला. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, की हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. जनुकीय चाचणीतून सिद्ध झालेला हा भारतातला पहिलाच लांडगा-कुत्रा संकर.

हे शक्य कसं होतं? कुत्रा लांडग्यांपासूनच माणसाळला. दोघांचीही गुणसूत्रं ७८. त्यामुळे खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, तशी अडचण इथे नाही. संकरित पिल्लंही पुढे प्रजनन करू शकतात.

धोका नेमका इथेच आहे. देशात लांडगे उरलेत जेमतेम ३,१०० च्या आसपास. माळरानं आकसतायत, उघड्यावरच्या कचऱ्यामुळे भटके कुत्रे वाढतायत. जोडीदार मिळाला नाही, तर लांडगा कुत्र्याशी जुळतो. पिढ्यानपिढ्या असंच चाललं, तर बंदुकीची एकही गोळी न झाडता लांडगा संपेल, त्याच्या रक्तातूनच.