हौशी गिर्यारोहकाचे शिवणयंत्र

बंगळूरजवळील सावनदुर्गाचा कातळ चढताना पाठीवरील सॅकचा पट्टा तुटला, तर तोल सांभाळणे कठीण होते. वाइल्डक्राफ्टसारखी साहससाहित्य बनविणारी कंपनी याच शहरातली. तरीही आपल्या मापाची सॅक स्वतः शिवण्याचा आनंद वेगळाच असतो.

यासाठी यंत्र निवडताना नक्षीदार टाक्यांची संख्या पाहू नये. भक्कम सरळ टाका घालणारे, धातूचे, पायाने चालणारे जुने यंत्रही पुरेसे ठरते. खरेदीस जाताना नायलॉनचे जाड कापड, पट्टा आणि पॉलिएस्टरचा दोरा सोबत न्यावा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. १८ क्रमांकाची सुई बसवून, कापडाच्या घडीत पट्टा ठेवून हातचाक सावकाश फिरवावे. दोऱ्याचा ताण जुळवूनही टाके सुटत असतील, तर ते यंत्र नाकारावे. तंबूच्या पातळ कापडास ११ क्रमांकाची सुई योग्य. पट्ट्याच्या टोकाशी चौकोन व त्यात फुली शिवल्यास भार विभागला जातो.

मात्र सॅक, तंबू, पावसाळी आच्छादन येथवरच ही हौस असावी. ज्यावर जीव टांगला जातो, तो प्रस्तरारोहणाचा कमरपट्टा प्रमाणित आणि विकतचाच असावा.