नॉर्वेतील औद्योगिकीकरण आणि लोकशाही

औद्योगिकीकरणामागोमाग लोकशाही येते, हा सिद्धान्त नॉर्वेस जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे १८१४ च्या संविधानाने जमीनधारक शेतकऱ्यांस मताधिकार दिला, १८३७ मध्ये स्थानिक स्वराज्य आले व १८९८ मध्ये पुरुषांस सार्वत्रिक मताधिकार मिळाला. जलविद्युतेवरील मोठे कारखाने त्यानंतरचे होत. धबधबे परकीय भांडवलाच्या हाती जाऊ लागताच संसदेने १९०९ च्या कायद्यान्वये अट घातली, की खाजगी परवान्याची साठ ते ऐंशी वर्षांची मुदत संपताच ते विनामोबदला शासनाकडे यावेत. उद्योगांतून संघटित झालेल्या कामगारांनी १९३५ मध्ये मालकसंघाशी मूलभूत करार करून लोकशाहीचा आशय वाढविला, हे खरे. परंतु तिचा पाया शेतकऱ्यांनी आधीच घातला होता. म्हणूनच उद्योगास मर्यादा घालणे तिला शक्य झाले.