बंद धुराड्याची ओल

लालबाग-परळमध्ये चिमणी म्हटले की गिरणीची उंच चिमणी आठवते. घरातली छोटी चिमणी, म्हणजे धुराडे, मात्र विस्मरणात गेली. गिरगाव-दादरच्या काही जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या भिंतीतून असे धुराडे थेट गच्चीपर्यंत जाते. गॅस आला, चूल गेली. खालचे तोंड विटा लावून बुजवले गेले, वरचे बहुधा उघडेच राहिले. दर पावसाळ्यात त्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग उमटतो, दिवाळीला रंग लावला जातो आणि पुढच्या जुलैत डाग पुन्हा हजर होतो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये दमा, खोकला, श्वासाला घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना अधिक जपावे लागते. शिवाय जुन्या इमारतींत सागवानी तुळयांची टोके भिंतीत रुतलेली असतात. भिंत वर्षानुवर्षे ओली राहिली की ती आतून कुजतात आणि बाहेरून काही कळत नाही.

धुराड्याजवळच ओल का येते? लाकूड-कोळशाच्या धुरात पाण्याची वाफ, गंधकाचे वायू आणि काजळी असते. अनेक वर्षांच्या वापरात त्यांतून तयार झालेले क्षार विटांत आणि चुन्यात मुरतात. त्यांतले क्लोराइड आणि नायट्रेट हवेतले बाष्प ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तोच हा प्रकार. म्हणजे कुठेही गळती नसताना नुसत्या दमट हवेनेही भिंत ओली दिसू शकते. विजेच्या प्रवाहावर चालणारे ओल मोजण्याचे यंत्रही अशा भिंतीवर फसते. क्षारांमुळे ते प्रत्यक्षापेक्षा अधिक ओल दाखवते.

म्हणून आधी निदान, मग कारागीर. डाग कधी वाढतो याची तारखेनिशी नोंद ठेवा. मोठी सर येऊन गेल्यावर काही तासांत, विशेषतः वरच्या मजल्यावर, भिंत भिजत असेल तर पाणी धुराड्याच्या उघड्या तोंडातून किंवा गच्चीच्या सांध्यातून येते. पाऊस नसतानाही दमट दिवशी डाग गडद होतो आणि थंडीत फिका पडतो, तर दोष क्षारांचा. एप्रिल-मेमध्येही भिंत ओलीच असेल तर वरच्या मजल्यावरची मोरी किंवा नळ तपासा. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच ओल असेल, तर ती बहुधा जमिनीतून चढलेली असते.

एक सोपी चाचणी घरीच करता येते. डागावरचा भाग कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर खोलीतले बाष्प थंड भिंतीवर साचते आहे. स्वयंपाकाची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे याला हातभार लावतात. फॉइलच्या मागे ओल दिसली तर ती भिंतीतली आहे.

दुरुस्तीची सुरुवात वरून करावी. पण तत्पूर्वी कोणत्याही मजल्यावर गॅस गीझरचा किंवा अन्य धूर त्या धुराड्यात सोडलेला नाही, याची खात्री करा. तसे असताना तोंड झाकले तर घरात कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. खात्री झाल्यावर आतली काजळी, घरटी आणि राडारोडा काढावा. तोंडावर पाऊस अडवणारी पण बाजूंनी जाळी असलेली टोपी बसवावी आणि खाली बुजवलेल्या भागात हवेसाठी जाळी ठेवावी. दोन्ही तोंडे हवाबंद केली तर आतले बाष्प आतच राहते.

त्यानंतर डागाच्या पलीकडे फूटभरापर्यंतचा गिलावा विटेपर्यंत काढून क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने धुऊ नयेत. विरघळून ते पुन्हा आत मुरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भिंत उघडी सुकू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचीच सफेदी द्यावी. सिमेंटचा गिलावा, वॉटरप्रूफ रंग किंवा टाइल्स यांमुळे डाग झाकला जातो, पण ओल आत कोंडून तुळईकडे सरकते. विटांत खोलवर मुरलेले क्षार पूर्ण निघत नाहीत, त्यामुळे पुढे फिकट डाग दिसला तरी घाबरू नये.

बुरशी पुसताना एन-९५ मास्क आणि हातमोजे वापरावेत. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये. औषध घेऊनही पावसाळ्यात दमा आटोक्यात येत नसेल, तर घरात ओल असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धुराडे सर्व मजल्यांचे सामाईक असते. एका भाडेकरूने आपल्यापुरते ते फोडणे धोक्याचे आहे. शेजारी आणि घरमालक यांनी मिळून स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. उपकरप्राप्त इमारत असल्यास म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी अर्ज करावा. सोबत तारखांची नोंद आणि छायाचित्रे जोडावीत. या कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा, पण निदानाचा हंगाम पावसाळाच आहे.