दम जन्मजात नसतो: सायकलस्वाराची वेदना समजून घेताना

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला सायकलने जायचं म्हणजे सुमारे 140 किलोमीटर. डोक्यावर ऊन, समोरून वारा, त्यात बालाघाटाचा चढ. मांड्या पेटतात. एक जण सायकलवरून उतरतो, दुसरा पॅडल मारत राहतो. आपण सहज म्हणतो, "त्याच्यात मुळातच दम आहे." मानसशास्त्राचं उत्तर वेगळं आहे.

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलं की, वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या जणू एका दारातून मेंदूकडे जातात. हे दार किती उघडायचं, यात मेंदूचाही वाटा असतो. भीती वाढली की वेदना वाढते; लक्ष दुसरीकडे गेलं की ती कमी जाणवते. म्हणजे वेदना खरीच असते, पण ती फक्त स्नायूंत ठरत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. दुखायला कधी लागतं, हा वेदनेचा उंबरठा. दुखत असताना किती वेळ टिकतो, ही सहनशक्ती. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खेळाडू नसलेल्या निरोगी लोकांकडून सहा आठवडे सायकलिंगचा व्यायाम करून घेतला. त्यांचा उंबरठा बदलला नाही, सहनशक्ती मात्र वाढली. दुखायला पूर्वीइतकंच लवकर लागत होतं, पण त्याला घाबरणं कमी झालं असावं.

मग स्वभावाचं काय? त्याचा परिणाम होतोच. "आता संपलं, मला जमणारच नाही" असा विचार सारखा घोळवणाऱ्याला वेदना जास्त छळते. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे: पहिला बाण शरीराच्या दुःखाचा, दुसरा त्यावर मनाने केलेल्या आक्रोशाचा. सराव झालेला सायकलस्वार हा दुसरा बाण टाळायला शिकतो. "पुढच्या पुलापर्यंत" एवढंच लक्ष्य ठेवतो, श्वास मोजतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,900 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने 12 दिवसांच्या आत पूर्ण केली. एवढं अंतर कोणी नुसत्या जन्मजात गुणावर कापत नाही. त्यामागे वर्षांचा सराव असतो.

पण सहन करणं म्हणजे प्रत्येक दुखणं दाबणं नव्हे. मांडीची जळजळ थांबल्यावर ओसरते. छातीत दुखणं, चक्कर येणं, गुडघ्यात कळ मारणं हे इशारे आहेत. तिथे उतरणं हाच शहाणपणा.

आणखी एक फरक कार्यकर्त्यांनी विसरू नये. स्वतः निवडलेली आणि हवी तेव्हा थांबवता येणारी वेदना मनाला हलकी जाते. लादलेली जड जाते. हौसेने लातूर गाठणारा आणि दुसरं साधन नाही म्हणून रोज सायकलवरून मजुरीला जाणारा, दोघांच्याही मांड्या दुखतात. पहिल्याला पदक मिळतं. दुसऱ्याला "या लोकांना सवयच असते" हे ऐकावं लागतं. हे वाक्य विज्ञान नव्हे, कष्टकऱ्याचं दुःख न पाहण्याची सबब आहे.

म्हणून वस्तीतल्या मुलामुलींना "तुझ्यात दम नाही" असं सांगू नका. सायकल द्या, सहा आठवडे सोबत करा. आणि ज्यांना नाइलाजाने सोसावं लागतं, त्यांच्या सहनशक्तीचं कौतुक करत बसण्यापेक्षा त्यांच्या गावाला एसटी कशी येईल ते पाहा.