शिकागोचे खेळाडू, परगावचे संघ

शिकागोतील बास्केटबॉलचा विषय निघाला की मायकेल जॉर्डनचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. परंतु शिकागो बुल्स या संघाला 1991 ते 1998 या काळात सहा विजेतेपदे मिळवून देणारा हा खेळाडू जन्मला न्यू यॉर्कमध्ये आणि वाढला नॉर्थ कॅरोलायना राज्यात. शहराची स्वतःची परंपरा त्याहून जुनी आहे. दक्षिणेकडील राज्यांतील वंशभेद आणि दारिद्र्य यांतून सुटण्यासाठी विसाव्या शतकात लक्षावधी कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या औद्योगिक शहरांत आले, त्यांतील अनेकांनी शिकागोच्या दक्षिण व पश्चिम भागांत संसार थाटले, आणि तेथील शाळांत व उद्यानांतील मैदानांवर ही परंपरा रुजली. आर्कान्सात जन्मलेला आणि ‘स्वीटवॉटर’ या टोपणनावाने ओळखला जाणारा नॅट क्लिफ्टन तेथील ड्यूसेबल हायस्कूलमधून पुढे आला. एनबीए, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक साखळी स्पर्धा, कृष्णवर्णीयांना 1950 साली खुली झाली, तेव्हा तीत उतरलेल्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीय खेळाडूंत तो होता. मात्र तो खेळला न्यू यॉर्क निक्सकडून, आणि निवृत्तीनंतर शिकागोत परतून त्याने टॅक्सी चालवली.

घडायचे शिकागोत आणि नाव काढायचे परगावी, हे पुढेही चालू राहिले. याचे मुख्य कारण ‘ड्राफ्ट’ ही पद्धत होय: नव्या खेळाडूंची निवड संघ ठरावीक क्रमाने करतात, दुबळ्या संघांना आधी संधी मिळते, आणि कोणत्या शहरात खेळायचे हे नवोदिताच्या हाती फारसे राहत नाही. 1981 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला मार्क अग्वायर आणि दुसरा आयझाया थॉमस हे दोघेही शिकागोच्या पश्चिम भागातले. एक डॅलसला गेला, दुसरा डेट्रॉइटला. पुढे अग्वायरही डेट्रॉइटला आला, आणि 1989 व 1990 साली या शिकागोकरांनी तेथे दोन विजेतेपदे मिळवली, तीही दोन्ही वेळा वाटेत बुल्सनाच हरवून.

या इतिहासातील सर्वांत हृद्य आणि तितकेच दुःखद प्रकरण दक्षिण भागातील सिमियन या शाळेचे आहे. तेथील बेन विल्सन हा देशातील सर्वोत्तम शालेय खेळाडूंत गणला जात असताना नोव्हेंबर 1984 मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, शाळेजवळ झालेल्या गोळीबारात मरण पावला. त्याचा 25 हा क्रमांक शाळेने पुढे मानाचा मानला, आणि एंगलवुड वस्तीत वाढलेल्या डेरिक रोझने तो अंगावर वागवत 2006 व 2007 साली शाळेला राज्य अजिंक्यपद मिळवून दिले. 2008 मध्ये पहिल्या निवडीचा हक्क ठरवणाऱ्या सोडतीत बुल्सना जेमतेम 1.7 टक्के संधी होती. तरी सोडत त्यांच्या बाजूने लागली आणि रोझ घरच्याच संघात आला. तो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चढाईची आखणी करणारा खेळाडू, होता. परंतु बचावपटूंच्या गर्दीतून झेपावत थेट बास्केटपर्यंत पोहोचण्याची त्याची गती त्या स्थानासाठी असामान्य होती. 2011 साली, बाविसाव्या वर्षी, तो एनबीएच्या इतिहासातील सर्वांत तरुण ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ ठरला.

28 एप्रिल 2012 रोजी, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, बुल्स बारा गुणांनी पुढे असताना आणि मिनिटभरापेक्षा थोडाच अधिक वेळ उरला असताना, उडी घेताना त्याच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा तंतूंचा पट्टा, फाटला. विजय हातात असताना त्याला मैदानावर ठेवायला हवे होते काय, हा वाद शिकागोत त्यानंतरही गाजला; परंतु त्यावेळी तो संघाचा आधारस्तंभ होता, त्यामुळे प्रशिक्षकाला एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी शिकागोचाच अँथनी डेव्हिस ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि न्यू ऑर्लिन्सला गेला. 2016 च्या उन्हाळ्यात बुल्सनी रोझला न्यू यॉर्कला धाडले. त्यानंतर काही आठवड्यांतच मायामीत तीन विजेतेपदे मिळवलेला, शिकागोचाच ड्वेन वेड चौतिसाव्या वर्षी बुल्समध्ये दाखल झाला आणि एका हंगामानंतर संघ सोडून गेला.