एसीलाही कळू दे टाइमटेबल!

बाहेर रणरणतं ऊन आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये तुम्ही हुडी घालून कुडकुडताय. ओळखीचं वाटतंय ना? लेक्चर संपतं, सगळे कँटीनकडे पळतात आणि रिकाम्या वर्गात एसी मात्र इमानेइतबारे चालूच!

चूक एसीची नाही. त्याच्या थर्मोस्टॅटला फक्त ‘आत्ता’ कळतं. खोली तापली की चालू, गार झाली की बंद. तासाभराने ऊन उतरणार आहे किंवा वर्ग रिकामा होणार आहे, याचा त्याला पत्ताच नसतो.

आता घरचा भात आठवा. थोडी कसर असतानाच गॅस बंद होतो, झाकण पडतं आणि उरलेलं काम वाफेवर होतं. पुढे काय होणार हे माहीत असलं की गॅस वाचतो. इमारतीला हेच शिकवणारं तंत्र म्हणजे ‘मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’. भिंती आणि स्लॅब किती वेगाने तापतात, किती वेळात निवतात, याचं गणित कॉम्प्युटरला दिलेलं असतं. सोबत हवामानाचा अंदाज. त्यावरून तो पुढच्या काही तासांचा सर्वांत कमी खर्चाचा प्लॅन काढतो. थोडा वेळ तसं चालतो, नवं तापमान बघतो आणि पुन्हा नवा प्लॅन. मॅपवर चुकलं की रस्ता बदलतो ना, अगदी तसंच.

प्रागच्या झेक टेक्निकल युनिव्हर्सिटीने हा प्रयोग स्वतःच्याच इमारतीत दोन महिने केला. तिथे प्रश्न गारठ्याचा. गरम पाण्याचे पाइप काँक्रीटच्या छतात, त्यामुळे खोली तापायला वेळ लागतो. थंडी वाजल्यावर हीटिंग वाढवून उपयोग काय? आधीच कळायला हवं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १५ ते २८ टक्के ऊर्जा वाचू शकते, तीही फारशी तोडफोड न करता.

मग हे सगळीकडे का नाही? कारण प्रत्येक इमारतीचं गणित वेगळं मांडावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या एका ऑफिसमध्ये असाच प्रयोग झाला. ऊर्जा वाचली, पण एवढी मेहनत आणि खर्च फक्त त्या बचतीतून वसूल होत नाही, असं संशोधकांनीच स्पष्ट सांगितलं.

पण कॉलेजकडे एक अंदाज फुकटात तयार आहे : टाइमटेबल! शेवटचं लेक्चर संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच एसी बंद केला तर? गारवा काही लगेच पळून जात नाही.

एक आठवडा आपल्या मजल्यावर नोंद ठेवा : किती रिकाम्या वर्गांत एसी चालू होता? मग तो कागद घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये जा. हुडी काढून!